सिल्कीची पिल्लं कवचातच का दगावतात? पुढची खेप बसवण्याआधी काय पाहावं

प्रश्न: घरी सिल्की या केसाळ पिसांच्या कोंबडीच्या जातीचा एक काळा कोंबडा, दोन पांढऱ्या कोंबड्या आणि एक निळी कोंबडी आहे. छोट्या इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे अंडी उबवण्याच्या मशीनमध्ये, बारा अंडी ठेवली होती. चार रिकामी निघाली, दोन पिल्लं बाहेर आली आणि सहा पूर्ण वाढलेली पिल्लं कवचातच मेली. आर्द्रता पहिल्या दिवसापासून ६५ टक्के ठेवली होती. आता निळी कोंबडी खुडूक बसली आहे. अंडी तिच्याखाली ठेवू की पुन्हा मशीनमध्ये? पिल्लांचे रंग कसे निघतील आणि नर-मादी कधी ओळखू येतील?

उत्तर:

तुमच्या खेपेत दोन वेगळे दोष आहेत. ते एकत्र धरले तर एकही सुटणार नाही. चार अंडी रिकामी निघणं, म्हणजे त्यांत गर्भच न धरणं, हा कोंबडा-कोंबडीचा प्रश्न आहे. त्यावर चांगल्यातलं चांगलं मशीनही काही करू शकत नाही. सहा पिल्लं पूर्ण वाढून आतच मरणं हा जवळजवळ नक्की आर्द्रतेचा प्रश्न आहे, आणि तो तुमच्या हातातला आहे. मशीन की कोंबडी, हा विचार त्यानंतरचा. निळी खुडूक आहे तर अंडी तिलाच द्या, असं मी म्हणेन. पण ती अंडी भरलेली, म्हणजे फलित, आहेत याची खात्री करून द्या. रिकाम्या अंड्यांवर कोंबडीला २१ दिवस उपाशीतापाशी बसवणं हा तिच्यावर अन्याय आहे.

आधी रिकाम्या अंड्यांचं पाहू. सिल्कीच्या पिसांच्या तंतूंना एकमेकांत अडकणारे बारीक आकडे नसतात, म्हणून पिसं केसांसारखी मोकळी राहतात. दिसायला हे सुंदर आहे, पण शेपटीखाली याच मऊ लवेची जाड गादी तयार होते. कोंबडा चढतो तेव्हा दोघांची गुदद्वारं क्षणभरच एकमेकांना टेकतात. मध्ये ही गादी आली की वीर्य पिसांवरच राहतं. मिलन रोज डोळ्यांसमोर होत असूनही अंडी रिकामी निघतात ती यामुळे. उपाय सोपा आहे: नर आणि मादी दोघांच्याही गुदद्वाराभोवतीची पिसं बोथट टोकाच्या कात्रीने चार-पाच सेंटिमीटरच्या घेरात आखूड कापा. उपटू नका. उपटलेल्या जागी लगेच नवी रक्ताळ पिसं फुटतात, कातडीला इजा होते ती वेगळीच. कापलेली पिसं पुढच्या वेळी झडेपर्यंत तशीच राहतात, म्हणजे उबवणीचा सगळा हंगाम निभावतो.

कोंबड्याची शेंडी डोळ्यांवर येत असेल तर तीही कापा किंवा मागे बांधा. ज्याला समोरचं दिसत नाही तो कोंबडा मादीजवळ नीट जातही नाही आणि दचकत राहतो. त्याच्या पायांवरची बाहेरची पिसं फार लांब असतील तर तीही थोडी कमी करा, म्हणजे पाठीवर पाय घसरणार नाहीत. प्रदर्शनासाठी पक्षी पाळणाऱ्यांना हे जिवावर येतं, पण ज्या पक्ष्याची पिल्लं हवीत त्याला त्या हंगामात सजवून ठेवता येत नाही.

पिसं कापली की लगेच अंडी गोळा करू नका. आठ-दहा दिवस जाऊ द्या आणि मग रोजच्या खाण्यातलं एखाद-दुसरं अंडं बशीत फोडून बलकावरचा पांढरा ठिपका पाहा. अंडं भरलेलं असेल तर ठिपका गोल, कडेने स्पष्ट आणि कड्यासारखा दिसतो, मध्ये थोडा विरळ. रिकाम्या अंड्यातला ठिपका लहान, दाट आणि वेड्यावाकड्या कडेचा असतो. चार-पाच अंड्यांत कडं दिसलं की बाकीची उबवणीसाठी साठवायला लागा. तुमच्या त्या चार अंड्यांबद्दलही एक शंका मनात ठेवा. उजेडावर धरून रिकामं वाटणारं प्रत्येक अंडं खरोखर रिकामं नसतं. पहिल्या तीन-चार दिवसांत मेलेला गर्भ बाहेरून दिसत नाही. फोडल्यावरच बलकावर फिकट चकती किंवा रक्ताचं बारीक कडं सापडतं. तसं असेल तर दोष मिलनात नसून अंडी साठवण्यात, वाहतुकीत किंवा पक्ष्यांच्या आहारात असतो. यापुढे टाकून देण्याआधी प्रत्येक अंडं फोडून पाहायची सवय लावून घ्या. थोडं किळसवाणं आहे, पण यातून जेवढं कळतं तेवढं दुसऱ्या कशातून कळत नाही.

आहाराचं थोडक्यात. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं साधं खाद्य कवच आणि बलक तयार करायला पुरतं, गर्भ वाढवायला पुरेलच असं नाही. उबवणीची अंडी गोळा करण्याच्या निदान तीन आठवडे आधीपासून पैदाशीच्या पक्ष्यांसाठीचं खाद्य सुरू करा. त्यात जीवनसत्त्वं जास्त असतात. रिबोफ्लेविन म्हणजे बी-२ कमी पडलं तर गर्भ मरतात आणि निघालेल्या पिल्लांची बोटं आत मुडपतात. नुसतं धान्य घालणाऱ्यांकडे हे नेहमी दिसतं. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. कोंबड्या लागेल तेवढा घेतील, कोंबड्याला त्याची गरज नसते.

मादी पहिल्यांदा अंड्यावर आल्या आल्या तिची अंडी उबवू नका. सुरुवातीची अंडी फार लहान असतात आणि पिल्लंही नाजूक निघतात. सिल्की मुळातच उशिरा, साधारण सात ते नऊ महिन्यांच्या झाल्यावर अंड्यावर येतात. त्यानंतर अंड्याचा आकार स्थिरावेपर्यंत, म्हणजे महिना-दीड महिना थांबा.

हे चारही पक्षी एकाच ठिकाणाहून आणलेले असतील तर ते भावंडं असण्याची शक्यता मोठी आहे. एका पिढीत फार बिघडत नाही, पण त्यांच्याच पिल्लांची आपापसांत जोडी लावली की अंड्यांतून पिल्लं निघण्याचं प्रमाण खाली येतं. दुसरा कोंबडा आणायचा ठरवलात तर लक्षात ठेवा, मादीच्या शरीरात आधीच्या नराचं वीर्य दोन आठवडे, कधी त्याहूनही जास्त टिकतं. पिल्लं नव्या नराचीच हवी असतील तर जुन्याला दूर केल्यावर तीन-चार आठवडे जाऊ द्या.

जोडी निवडताना नवे लोक फक्त मोठी शेंडी पाहतात. मोठ्या शेंडीखाली बऱ्याचदा कवटीला वर उंचवटा असतो आणि काही पक्ष्यांत त्या जागी हाड पूर्ण भरत नाही, मेंदूवर नुसती कातडी राहते. अशा पिल्लाच्या डोक्यावर दुसऱ्याने मारलेली एक चोचही त्याला आयुष्यभर लुळं करू शकते. दोन्ही पालकांना उंचवटा असेल तर मी ती जोडी लावत नाही. शेंडी थोडी लहान मिळाली तरी चालेल. बाकी पाहायचं ते असं: दोन्ही पायांना पाच-पाच बोटं, पाचवं चौथ्यापासून सुटं आणि वर वळलेलं; कातडी निळसर काळी, गुलाबी डाग नसलेली; तुरा गडद जांभळट, अक्रोडासारखा खडबडीत. पांढऱ्या सिल्कीचीसुद्धा कातडी काळीच असली पाहिजे. यातला एखादा गुण कमी असला म्हणून पक्षी वाईट होत नाही, पण दोन्ही पालकांत एकच उणीव असेल तर ती पिल्लांत पक्की होते.

आता अंडी. सिल्कीच्या पायांवर पिसं असल्यामुळे ती चिखल घरट्यात घेऊन येते, म्हणून अंडी मळकी होतात. ती धुऊ नका. कवचावर नैसर्गिक लेप असतो, तो गेला की छिद्रांतून जंतू आत शिरतात. किरकोळ डाग कोरड्या कापडाने पुसा, फार घाण अंडी खाण्याकडे वळवा आणि खुराड्यात अंथरलेली गादी रोज बदला. साठवताना टोकदार बाजू खाली, जागा थंड, १३ ते १६ अंश सेल्सिअस, आणि दिवसातून एकदा कूस बदलायची. एवढी थंड जागा नसेल तर जेवढे दिवस कमी साठवाल तेवढं चांगलं. फ्रिज यासाठी फार गार पडतो. सात दिवसांपर्यंतच्या अंड्यांतून पिल्लं छान निघतात, पुढे रोज प्रमाण घसरत जातं. थंड जागेतून काढलेली अंडी काही तास खोलीत राहू द्या आणि मगच उबेत ठेवा, नाहीतर कवचावर दव धरतं.

मोठा मुद्दा आर्द्रतेचा, कारण तुमची सहा पिल्लं त्यातच गेली. उबवणीत अंड्याने पाणी गमावायचंच असतं. अठराव्या दिवसापर्यंत मूळ वजनाच्या ११ ते १३ टक्के पाणी छिद्रांतून बाहेर गेलं पाहिजे, कारण तेवढी जागा रिकामी झाली तरच बोथट टोकाकडची हवेची पोकळी पुरेशी मोठी होते. बाहेर पडण्याआधी पिल्लू चोच याच पोकळीत घालतं आणि आयुष्यातला पहिला श्वास तिथे घेतं. पहिल्यापासून ६५ टक्के आर्द्रता ठेवली की पाणी जात नाही, पोकळी लहान राहते, पिल्लू पाण्याने फुगून वळूही शकत नाही आणि तिथेच गुदमरतं. तुमची मेलेली पिल्लं ओलसर, सुजलेली आणि चिकट पाण्यात होती का, ते आठवून पाहा. तसं असेल तर निदान पक्कं. उलट पापुद्रा सुकून अंगाला घट्ट चिकटलेला असेल, तर शेवटी मशीन पुन्हा पुन्हा उघडलं गेलं असावं.

सर्वसाधारण आकडे असे: पंखा असलेल्या मशीनमध्ये ३७.५ अंश तापमान, पहिले अठरा दिवस ४५ ते ५० टक्के आर्द्रता, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के. पंखा नसेल तर वर-खाली तापमान वेगळं असतं, तेव्हा अंड्यांच्या वरच्या पातळीवर ३८.३ ते ३८.८ अंश धरा. मात्र आर्द्रतेच्या आकड्यापेक्षा तराजूवर विश्वास ठेवा. कवचाची जाडी आणि छिद्रं प्रत्येक कोंबडीची वेगळी, स्वस्त आर्द्रतामापक दहा-दहा टक्क्यांनी चुकतात, आणि मशीनसोबत आलेल्या सूचना मोठ्या अंड्यांसाठी लिहिलेल्या असतात. सिल्कीचं अंडं साधारण ३५ ते ४० ग्रॅमचं. समजा दहा अंड्यांचं मिळून वजन ३६० ग्रॅम भरलं. बारा टक्क्यांच्या हिशेबाने सातव्या दिवशी ते सुमारे ३४३, चौदाव्या दिवशी ३२६ आणि अठराव्या दिवशी ३१७ ग्रॅम व्हायला हवं. सातव्या दिवशी ३५० भरलं तर पाणी जात नाहीये. मशीनमधलं पाणी काढा, हवेची भोकं उघडा. ३३५ भरलं तर पाणी जास्त जातंय, थोडं भरा. मधे एखादं अंडं काढून टाकलं तर त्याचं सुरुवातीचं वजन हिशेबातून वजा करा. त्यासाठी प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने क्रमांक घालून वजन लिहून ठेवा. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा पुरतो.

मापकाची परीक्षाही घरी होते. छोट्या झाकणात मीठ घेऊन ते चिखलासारखं होईल एवढंच पाणी घाला, मापकासोबत घट्ट बंद डब्यात सहा-आठ तास ठेवा. मापकाने ७५ टक्के दाखवायला हवं. ६८ दाखवत असेल तर तो सात कमी दाखवतो, तेवढे मनात मिळवा. तापमानासाठी तापमापी दुसऱ्या भरवशाच्या तापमापीशी ताडून पाहा. अर्ध्या अंशाचा फरकही निकालात दिसतो: तापमान सतत कमी राहिलं तर पिल्लं उशिरा आणि अशक्त निघतात, जास्त राहिलं तर लवकर निघतात आणि बेंबी नीट बंद झालेली नसते. वीज काही तास गेली तर घाबरू नका, मशीनवर जाड पांघरूण टाका. गर्भ थोडा गारवा सहन करतात. अति उष्णता मात्र लवकर मारते. आणखी एक, आपोआप कूस बदलणाऱ्या मशीनच्या खोबणी मोठ्या अंड्यांच्या मापाच्या असतात, त्यांत सिल्कीचं अंडं सैल हलतं. थोडा कागद घडी करून बाजूने लावा.

हे सगळं वाचून लक्षात आलं असेल की मी निळ्या कोंबडीकडे का झुकतो. तापमान, ओलावा, कूस बदलणं, सगळं ती स्वतः सांभाळते, आणि सिल्कीइतकी चिवट खुडूक कोंबडी क्वचित दुसऱ्या जातीत सापडते. म्हणून तर इतर पक्ष्यांची अंडीसुद्धा लोक सिल्कीखाली ठेवतात. पण ती नुसती बसलीय की खरंच खुडूक आहे हे पाहा. खरी खुडूक कोंबडी रात्रीही घरट्यातच असते, हात नेला की फुगून गुरगुरते आणि दिवसातून एकदाच उठून मोठी, दुर्गंधी विष्ठा टाकते. दोन-तीन दिवस खोट्या अंड्यांवर बसू द्या. मग अंधार पडल्यावर तिला वेगळ्या, शांत जागी हलवा, दुसऱ्या रात्रीही ती घट्ट बसलेली असेल तर खरी अंडी खाली सरकवा. तिच्या स्वतःच्या मापाची आठ-दहा अंडी पुरे. पंखांबाहेर एकही अंडं दिसता कामा नये, कारण बाहेरचं अंडं रोज बदलतं आणि त्यामुळे एकेक करून सगळीच गार पडतात.

वेगळी जागा यासाठी की दुसऱ्या कोंबड्या तिच्या घरट्यात येऊन ताजी अंडी घालतात. मग वेगवेगळ्या वयाची अंडी एकत्र होतात, आणि पहिली पिल्लं निघाली की आई उठून जाते. दोन खुडूक कोंबड्याही शेजारी ठेवू नका. दोघी एकमेकींची अंडी ओढत बसतात.

बसवण्याआधी तिच्या अंगावरच्या उवा आणि पिसवा पाहा, विशेषतः पंखांखाली आणि गुदद्वाराभोवती. २१ दिवस न हलणाऱ्या पक्ष्यावर त्या भराभर वाढतात आणि रात्री येणाऱ्या लाल पिसवा (माइट) कोंबडीचं इतकं रक्त शोषतात की ती घरटं सोडते किंवा बसल्या जागी मरते. खुराड्याच्या फटी अंधारात टॉर्चने तपासा. औषध लावायचं असेल तर पशुवैद्यकाला विचारून, अंडी ठेवण्याआधीच लावा. तिच्या छातीची आणि पोटाची लांब लव थोडी कापा. हे लोक विसरतात, आणि सिल्कीमध्ये नेमकं हेच महागात पडतं: बारीक धाग्यासारखे तंतू पिल्लाच्या मानेभोवती किंवा पायाभोवती गुंडाळले जातात, आई उठली की पिल्लू लोंबकळतं आणि गळफास बसतो.

दाणा-पाणी घरट्यापासून थोडं दूर ठेवा, म्हणजे ती उठेल, पाय मोकळे करील, विष्ठा बाहेर टाकील. रोज पंधरा-वीस मिनिटं ती अंड्यांवरून उठली तर काहीही बिघडत नाही. ती दोन दिवस उठलीच नाही तर हळूच उचलून बाहेर ठेवा. उचलताना पंखांखाली अडकलेलं अंडं आहे का ते आधी चाचपा. खुडूक कोंबडीचं वजन उतरतं, म्हणून एका खेपेनंतर तिला लगेच दुसरी देऊ नका. सिल्की बसायला नाही म्हणत नाही, आपणच म्हणावं लागतं.

सातव्या दिवशी रात्री कँडलिंग करा, म्हणजे अंधारात अंडं टॉर्चवर धरून आत पाहा. सिल्कीचं कवच फिकट असतं, त्यामुळे कोळ्याच्या जाळ्यासारख्या रक्तवाहिन्या आणि मध्ये हलणारा काळा ठिपका स्पष्ट दिसतो. नुसता स्वच्छ पिवळसर उजेड म्हणजे रिकामं. गोल लाल कडं म्हणजे गर्भ मेला. शंका असेल ते अंडं चौदाव्या दिवसापर्यंत राहू द्या, पण वास येणारं किंवा कवचावर पाझर दिसणारं अंडं लगेच काढा. ते फुटलं तर शेजारची सगळी अंडी नासतात.

अठराव्या दिवसानंतर हात आवरायचा. मशीनमध्ये उबवत असाल तर कूस बदलणं थांबवा, अंडी आडवी ठेवा, खाली खरखरीत जाळी घाला, कारण गुळगुळीत तळावर पिल्लांचे पाय दोन बाजूंना फाकतात. पाणी भरून आर्द्रता वाढवा, हवेची भोकं मोकळी ठेवा आणि झाकण लावून टाका. सिल्कीची लहान अंडी कधी विसाव्या दिवशीच टोचली जातात, म्हणजे पिल्लू आतून कवचाला पहिलं भोक पाडतं. टोचा पडला की पिल्लू थांबतं, बारा तास, कधी चोवीस तासही. बाहेरून ते अडकल्यासारखं दिसतं. प्रत्यक्षात ते उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं आणि पापुद्र्यातल्या रक्तवाहिन्या बंद होत असतात. याच वेळी मायेपोटी कवच सोललं की रक्त वाहतं आणि चांगलं पिल्लू मरतं. टोचा पडून चोवीस तास उलटले, काहीच पुढे सरकलं नाही आणि पापुद्रा पांढरा, कोरडा दिसतोय, तरच मदत करा: कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने पापुद्रा ओला करा, टोच्याभोवतीचं थोडं कवच काढा. रक्ताचा थेंब दिसला की तिथेच थांबा आणि अंडं परत ठेवा. कोंबडीखाली असतील तर एवढंही करू नका. तिच्या पोटाखाली डोकावून पाहणाऱ्यांची पिल्लं कोंबडी शांत राहू न शकल्यामुळे तुडवली जातात.

निघालेली पिल्लं सुकून फुलेपर्यंत मशीनमध्येच राहू द्या. पोटातल्या बलकावर ती दोन दिवस निभावतात, म्हणून खायला द्यायची घाई नसते. ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या पेटीत, पहिल्या आठवड्यात ३५ अंश, पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंशांनी कमी. ब्रूडरच्या एका टोकालाच ऊब ठेवा, पिल्लं आपली जागा शोधतात: ऊबेखाली ढीग करून चिवचिवत असतील तर थंडी वाजतेय, कडेला चोच उघडून पडली असतील तर उकडतंय. सिल्कीचं पीस पाणी झटकत नाही आणि ऊबही कमी धरतं, त्यामुळे इतर पिल्लांची ऊब काढतात त्यापुढे दोन आठवडे तरी यांची चालू ठेवा. पाण्याचं भांडं उथळ हवं, त्यात खडे घाला. मोठ्या जातीच्या पिल्लांत सिल्की मिसळू नका, कारण वर सांगितलेली डोक्याची कमजोर जागा. मान वाकडी होऊन डोकं पाठीकडे वळलेलं पिल्लू दिसलं तर ते लगेच वेगळं करा, हाताने पाणी पाजा आणि पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ई जीवनसत्त्व, सेलेनियम आणि बी-कॉम्प्लेक्स सुरू करा. लवकर हाताशी लागलेली बरीच पिल्लं सावरतात.

दोन आजारांबद्दल स्पष्ट बोलतो. तिसऱ्या आठवड्यापासून रक्ती हगवणीवर लक्ष ठेवा. ओली गादी हे तिचं घर. विष्ठेत रक्त, पिसं फुगवून कोपऱ्यात बसलेलं पिल्लू, हे दिसलं की त्याच दिवशी पशुवैद्यकाला विचारून अँप्रोलियम पाण्यातून द्या; दोन दिवस वाट पाहिली तर निम्मी पिल्लं हातची जातात. दुसरा मॅरेक्स, ज्याला सिल्की विशेष बळी पडतात. एक पाय पुढे आणि एक मागे ताणून पडलेला पक्षी ही त्याची ओळख, आणि त्यावर उपचार नाही. विषाणू पिसांच्या कोंड्यातून पसरतो. लस पहिल्याच दिवशी द्यायची असते आणि संरक्षण तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात; तोवर पिल्लं मोठ्या पक्ष्यांपासून दूर असलेली बरी. तुमच्याकडे हा आजार कधी दिसला असेल, तर माझा सल्ला बदलेल: मशीनमध्ये उबवा, लस द्या आणि वेगळं वाढवा. आईच्या पंखाखाली राहिलेल्या पिल्लाला हे अंतर मिळत नाही.

रंगांचं. काळा कोंबडा आणि निळी कोंबडी यांची पिल्लं साधारण निम्मी काळी, निम्मी निळी. निळा रंग हा काळ्यावर एका जनुकाच्या एकाच प्रतीचा परिणाम आहे. दोन प्रती आल्या की पक्षी स्प्लॅश होतो, म्हणजे मळकट पांढऱ्यावर निळे-काळे शिंतोडे. म्हणून निळा-निळी जोडीतून काळी, निळी आणि स्प्लॅश अशी १:२:१ निघतात. सगळी निळीच हवी असतील तर काळा आणि स्प्लॅश यांची जोडी लावा. तुमच्या पांढऱ्या कोंबड्यांचं मात्र सांगणं अवघड आहे. सिल्कीतला पांढरा सहसा अप्रभावी असतो, म्हणजे त्याचं जनुक दोन्ही पालकांकडून आलं तरच दिसतो, आणि दिसतो तेव्हा खाली दुसरा कुठलाही रंग झाकून ठेवतो. काळ्या कोंबड्याकडून त्यांना रंगीत पिल्लं होतील आणि त्यांत खाली दडलेला सोनेरी किंवा पट्टेदारपणा डोकावू शकतो. एखादं पांढरं निघालं तर समजा, कोंबडाही पांढऱ्याचं जनुक बाळगून आहे. विक्रीसाठी स्वच्छ रंग हवा असेल तर पांढऱ्यांना पांढराच नर द्या.

कधी साध्या कोंबडीशी संकर करावासा वाटला तर आधी हे जाणून घ्या: रेशमी पीस अप्रभावी आहे, पहिल्या पिढीत सगळी पिल्लं साध्या पिसांची निघतात. पाचवं बोट आणि शेंडी मात्र लगेच उतरते. काळी कातडी दोन जनुकांवर अवलंबून आहे आणि त्यातलं एक लिंगसूत्रावर, म्हणजे नर-मादी ठरवणाऱ्या गुणसूत्रावर, बसलेलं आहे. बेटसन आणि पनेट या जनुकशास्त्रज्ञांनी सिल्की आणि ब्राऊन लेगहॉर्न या जातींच्या संकरातून हे १९११ साली मांडलं. सिल्की नर आणि उजळ पायांची मादी अशी जोडी असेल तर मुली काळ्या कातडीच्या आणि मुलगे बरेच उजळ निघतात. जोडी उलटी केली तर सगळीच उजळ.

शुद्ध सिल्कीत कातडीवरून नर-मादी ओळखायची अशी सोय नाही, आणि म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ऐकायला आवडणार नाही. नर-मादी खात्रीने कळायला पाच-सहा महिने लागतात. तीन महिन्यांपुढे अंदाज येतो: नराच्या शेंडीतून लांब, टोकदार पिसं मागे निघतात, मादीची शेंडी गोल चेंडूसारखी राहते, नराचा तुरा रुंद आणि लवकर वाढतो. पण शांत, दबून राहणारा नर आरवेपर्यंत मादी म्हणून खपतो. तोवर कुणालाही मादी सांगून पिल्लू देऊ नका. आणि निम्मी पिल्लं नर असणार हे अंडी बसवण्याआधीच धरून चला. तुमच्या तीन कोंबड्यांना आणखी नर सोसणार नाहीत. एकत्र वाढलेले सिल्की नर कोंबड्यांच्या नजरेआड, वेगळ्या खुराड्यात बहुतेक वेळा शांतपणे राहतात. ती जागा तयार नसेल तर निळीखाली दहाऐवजी पाचच अंडी ठेवा.